पर्वतीचा गेंडा आणि फ्लॅटमधला फेरेट

गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९०च्या सुमारास एका गेंड्याचं चित्र काढलं. गेंडा पेशव्यांचा. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखाना होता, त्यातला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्यात आला, संगमावर राहिला, आणि पेशव्यांच्या संमतीने त्याने शनिवारवाड्यात चित्रकला शिकवणारी शाळा सुरू करवली. तांबट हा त्या शाळेतला सर्वांत नावाजलेला हात. वेरूळच्या लेण्यांची चित्रं त्याने मॅलेटसाठी काढली, तशीच पेशव्यांच्या जनावरांचीही. गेंड्याचं ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे.

गेंडा दख्खनचा प्राणी नव्हे. त्याला तराईतला किंवा ब्रह्मपुत्रेकाठचा ओला गवताळ मुलूख लागतो, अंग बुडवायला चिखल लागतो, दिवसभर चरायला हिरवा चारा लागतो. पर्वतीखाली नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेलं तळं होतं, म्हणजे पाणी जवळ होतं. पण एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात रोज एवढा हिरवा चारा पुरवायचा कुणी, आणि जनावराने खाणं सोडलं तर बोलवायचं कुणाला? त्याच शिकारखान्यात सिंहही होता. माणसाळवून शिकवलेल्या हरणांची हकीकत दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी जुन्या पुण्यावरच्या आपल्या १९२१च्या इंग्रजी पुस्तकात दिली आहे. पाहुण्यांना हे सगळं मोठ्या अभिमानाने दाखवलं जाई.

परका प्राणी पुण्यात येतो तो बहुतेक वेळा याच क्रमाने. आधी प्राणी येतो. त्याचं घर मागाहून उभं राहतं. त्याला काय झालंय हे ओळखणारा माणूस सगळ्यांत शेवटी येतो. पेशव्यांच्या गेंड्याचं जे झालं, तेच खडकीच्या शिकारी कुत्र्यांचं झालं, पेशवे पार्कातल्या जनावरांचं झालं, आणि आज पुण्या-मुंबईच्या हौशी घरांत जो लांबुडका, चपळ, दिवसातले चौदा ते अठरा तास झोपणारा फेरेट येऊ लागला आहे त्याचंही तेच होतं आहे. फरक एवढाच की फेरेटच्या बाबतीत हा क्रम उलटा करणं शक्य आहे. त्याच्या आजारांची माहिती जगाने शंभर वर्षांपूर्वीपासून जमवली आहे, आणि त्या माहितीचा एक धागा थेट पुण्यातून जातो.

पेशवाईत जनावरं सांभाळण्याची विद्या कमी नव्हती. मराठी राज्यकारभारात अठरा कारखाने मोजले जात, त्यांत पीलखाना, उष्ट्रखाना आणि शिकारखानाही होते. घोड्यांच्या पागेची व्यवस्था तर बारकाईने लावलेली असे. चंदी किती द्यायची, खरारा केव्हा करायचा, नाल कधी बदलायचे, ठाणबंद घोडा किती दिवसांनी फिरवायचा, हे मोतद्दाराला पाठ असे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेलं अश्ववैद्यक जाणणारे लोक पदरी असत. तिकडे तंजावरात सरफोजी राजे दुसरे यांनी धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालवले आणि हत्ती-घोड्यांवरच्या सचित्र पोथ्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपल्या. घोडा आणि हत्ती आजारी पडले तर स्वारी अडत असे, म्हणून त्यांच्या दुखण्याला वैद्य होता, पथ्य होतं, पोथी होती. सिंह-गेंड्यांवाचून कुणाचं काही अडत नव्हतं. ते वैभवासाठी होते, आणि वैभवासाठी आणलेल्या जनावराच्या पोटदुखीवर कुणी पोथी लिहीत नाही. पुढच्या सगळ्या कहाणीचं मूळ या भेदात आहे.

१८१८ नंतर पुण्याला छावणी आली आणि छावणीबरोबर इंग्रजांची हौस आली. पुढे पुणे-खडकीच्या लष्करी अधिकाऱ्यांनी ‘पूना अँड किर्की हाउंड्स’ नावाचा शिकारी कुत्र्यांचा ताफा बाळगला. इंग्लंडात हे कुत्रे तिकडच्या लाल खोकडामागे धावत. इथे तो नव्हता, म्हणून ते माळावरच्या कोल्ह्यांमागे सोडले जात. थंड देशातली ही कुत्री बोटीने मुंबईस यायची, मग घाट चढून पुण्यास. इथला उन्हाळा त्यांना सोसत नसे, आणि उन्हाळ्याहून वाईट होता तो डिस्टेंपर. ताप, डोळ्यांतून आणि नाकातून चिकट स्राव, हगवण, आणि त्यातून वाचलं तर शेवटी झटके. लहान पिल्लांत तो शिरला की कुत्रेघर रिकामं होई. हा आजार इंग्लंडातही तितकाच जाळत होता, आणि तिथल्या शिकारीच्या शौकिनांनी त्यावर जे केलं त्यातूनच फेरेट वैद्यकाच्या इतिहासात आला. पण त्याआधी पुण्यात एक मोठी गोष्ट घडून गेली होती.

९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. हेच कॉलेज पुढे सीओईपी म्हणून नावारूपाला आलं. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली ही पहिली सरकारी प्रयोगशाळा. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिचाच वाढलेला वंश. तिच्यामागची निकड होती बुळकांडी. गावात बुळकांडी शिरली की दावणीच्या दावणी मोकळ्या होत, बैल गेला की शेत पडून राही, आणि शेतसाऱ्यावर चालणाऱ्या सरकारलाही त्याची झळ बसे. आल्फ्रेड लिंगार्ड हा या प्रयोगशाळेचा पहिला प्रमुख शास्त्रज्ञ. पण इतक्या लागट रोगाचे प्रयोग भर शहरात करणं धोक्याचं होतं, आणि पुण्याची उष्णताही प्रयोगांच्या आड येत होती. १८९३ मध्ये प्रयोगशाळा उचलून कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला नेली गेली. पुण्याच्या वाट्याला ती जेमतेम चार वर्षं आली.

या स्थलांतराची खंत पुण्याच्या इतिहासकारांनी फारशी केलेली नाही. करायला हवी होती. बुळकांडीचा विषाणू, कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू आणि माणसाच्या गोवराचा विषाणू ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. ज्या रोगकुळाचा अभ्यास पुण्यात सुरू झाला, त्याच कुळातला रोग आज फेरेटचा सर्वांत मोठा वैरी आहे. बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर मुळापासून निपटून काढलेला हा दुसराच रोग. डिस्टेंपर मात्र पुण्याच्या गल्लीबोळांतल्या भटक्या कुत्र्यांत अजून मुक्काम ठोकून आहे.

आता फेरेटकडे. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवला. कूळ पाणमांजराचं, म्हणजे दिसायला मुंगसासारखा असला तरी तो मुंगसाचा सख्खा कुणी नव्हे. त्याचं काम सशांच्या बिळात शिरून त्यांना बाहेर हुसकावण्याचं. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने स्पेनमधल्या सशांच्या उपद्रवाबद्दल लिहिताना अशा प्राण्याचा उल्लेख केला आहे. शरीर नळीसारखं, पाठीचा कणा लवचीक, डोकं शिरलं तिथून सगळं अंग आत. ही ठेवण आजही तशीच आहे, आणि घरात फेरेट पाळणाऱ्याची पहिली चिंता त्यातूनच निघते.

इंग्लंडच्या शिकारीच्या रानांतल्या राखणदारांना एक गोष्ट माहीत होती: कुत्र्यांत डिस्टेंपर आला की त्यांचे फेरेटही मरतात. १९२०च्या दशकात ‘द फील्ड’ या शिकारीला वाहिलेल्या साप्ताहिकाने डिस्टेंपरवरच्या संशोधनासाठी निधी उभारला. पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन यांनी लंडनजवळच्या मिल हिल येथे काम केलं, आणि हा रोग विषाणूमुळे होतो हे १९२६ मध्ये पक्कं केलं. कुत्र्यापेक्षा लहान, सांभाळायला सोपा आणि रोग हमखास घेणारा म्हणून त्यांनी फेरेट निवडला. रोग बाहेरून शिरू नये म्हणून तिथे प्राण्यांना कडक विलगीकरणात ठेवत. आत जाणाऱ्या माणसाला अंघोळ करून कपडे बदलावे लागत.

आणि मग १९३३. त्या साली इंग्लंडात इन्फ्लुएन्झाची साथ होती. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी आजारी माणसांच्या घशातला द्रव फेरेटच्या नाकात सोडला आणि फेरेटला ताप आला, नाक गळू लागलं, शिंका येऊ लागल्या. १९१८ मध्ये कोट्यवधी माणसं मारणाऱ्या रोगाचा माणसातला विषाणू अशा रीतीने प्रथम हाती लागला. १९३६ मध्ये प्रयोगशाळेतला एक फेरेट तरुण डॉक्टर चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस यांच्या तोंडावर शिंकला आणि ते आजारी पडले. त्यांच्याकडून घेतलेला विषाणू फेरेटमधल्या विषाणूशी जुळला. माणसाचा फ्लू फेरेटला होतो आणि फेरेटचा माणसाला, हे त्या शिंकेने सिद्ध झालं. नवख्या पालकाने हे वाक्य दोनदा वाचावं.

पुण्यात विषाणूंचा अभ्यास परतला तो १९५२ मध्ये. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून इथे ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ सुरू केलं. १९७८ मध्ये त्याची राष्ट्रीय विषाणू संस्था झाली, आणि आता सर्वांना ती एनआयव्ही म्हणूनच ठाऊक आहे. इन्फ्लुएन्झाचे विषाणू सतत रूप पालटतात. नवं रूप जुन्याहून किती वेगळं हे ठरवायला जगभरच्या प्रयोगशाळा फेरेटच्या रक्तद्रवाचा उपयोग करतात, आणि त्यातून पुढच्या वर्षीच्या लशीत कोणते विषाणू घालायचे हे ठरतं. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. त्या दिवसांत एनआयव्हीचं नाव घराघरांत पोचलं. ज्या प्राण्यामुळे हा रोग जगाला ओळखता आला त्याचं नाव मात्र फार थोड्यांनी ऐकलं असेल.

डिस्टेंपरही पुण्याच्या दारात एकदा मोठ्या रूपात आला. सप्टेंबर २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया परिसरात सिंह मरू लागले. तीनेक आठवड्यांत तेवीस सिंह गेले. नमुने पुण्याला एनआयव्हीत आले आणि त्यांतल्या काहींत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. अमेरिकेहून लशीचे ३०० डोस मागवण्यात आले. १९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत याच रोगाने सुमारे एक हजार सिंह मेले होते, त्यामुळे धास्ती खरी होती. जगात सिंह-वाघांपासून लाल पांडापर्यंतच्या प्राण्यांना डिस्टेंपरपासून वाचवायचं तर साधी कुत्र्याची लस जपून वापरावी लागते. जिवंत पण दुबळा केलेला विषाणू कुत्र्याला मानवतो, तोच काही जातींत रोग उठवू शकतो. म्हणून अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत फेरेटसाठी बनवलेली, डिस्टेंपरचा जिवंत विषाणू न घातलेली लस मोठ्या श्वापदांना टोचण्याचा प्रघात पडला. दीड किलोच्या प्राण्यासाठी तयार झालेली लस दोनशे किलोच्या वाघाच्या कामी आली.

घर बांधण्याच्या बाबतीत पुणं हळूहळू शिकत गेलं. पेशव्यांच्या शिकारखान्याच्या परिसरातच, सारसबागेशेजारी, १९५३ मध्ये महापालिकेने पेशवे पार्क काढलं. जागा सात एकर. १९५६ मध्ये तिथे ‘फुलराणी’ धावू लागली, आणि दोन-तीन पिढ्यांनी वाघ पहिल्यांदा पाहिला तो तिथल्या गजांआड. त्या काळच्या समजुतीप्रमाणे पिंजरा हा पाहणाऱ्यासाठी बांधलेला असे: सिमेंटची फरशी, समोर गज, मागे अंधारी खोली. फरशी धुवायला सोपी, पण जनावराला लपायला जागा नाही, खणायला माती नाही.

बदलाची सुरुवात सापांपासून झाली. नीलिमकुमार खैरे यांनी जानेवारी १९८० मध्ये पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले. साप विनाकारण चावत नाही हे लोकांना दाखवायचं होतं आणि सर्पोद्यानासाठी पाठिंबा मिळवायचा होता. १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान झालं. पुढे त्याला जोडून जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांसाठी अनाथालय आलं, आणि पुण्यात प्रथमच प्राण्यासाठी उपचाराची जागा ही पाहण्याच्या जागेइतकी महत्त्वाची ठरली. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. पिंजऱ्याचा आकार, पशुवैद्य, विलगीकरण कक्ष यांचे नियम आले. सात एकरांत ते पाळणं शक्य नव्हतं. १९९९ मध्ये कात्रजला १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभं राहिलं आणि पेशवे पार्कातली जनावरं टप्प्याटप्प्याने तिकडे गेली. पर्वतीच्या गेंड्यापासून इथवर यायला दोनशे वर्षं लागली.

आणि तरी रोगाने डाव साधलाच. जुलै २०२५ मध्ये याच कात्रजला आठवड्याभरात सोळा चितळं मेली. निदान झालं लाळ्या-खुरकूत. इतकी मोकळी जागा, नेमलेले पशुवैद्य, एवढा अनुभव, आणि गोठ्यांत नेहमी आढळणारा रोग आत शिरला. चांगलं घर आणि रोगापासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींची तजवीज वेगवेगळी करावी लागते.

फेरेट घरी आणणाऱ्यापुढे नेमकी हीच दोन कामं असतात. त्याआधी कायद्याचं एक. मुंगूस पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. गारुड्याच्या टोपलीतला मुंगूस त्यामुळेच रस्त्यावरून गेला. पाळीव फेरेट हा वन्यप्राणी नव्हे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींच्या यादीतही नाही. पण तो परदेशातून आणायचा तर आयातीचा परवाना आणि विलगीकरण चुकत नाही, आणि २०१८च्या नियमांनुसार प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद आणि पिल्लू कुठून आलं याची पावती मागावी. चोरट्या मार्गाने आलेलं पिल्लू बहुधा आईपासून फार लवकर तोडलेलं, लस न दिलेलं आणि प्रवासात उपाशी राहिलेलं असतं.

घराचा विचार करताना पुण्याचा एप्रिल डोळ्यांसमोर ठेवावा. फेरेटला माणसासारखा घाम येत नाही. पारा तिशीच्या आसपास गेला की तो मलूल होतो, आणि त्याहून वर, हवा न खेळणाऱ्या जागेत, उष्माघात व्हायला फार वेळ लागत नाही. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी ३८-४० अंश ही रोजची गोष्ट आहे. तेव्हा पश्चिमेच्या ग्रिलच्या बाल्कनीत पिंजरा ठेवणं म्हणजे त्याला भट्टीत ठेवणं. घरातल्या सर्वांत गार, उत्तरेकडच्या खोलीत फरशीवर त्याची जागा करावी. वीज गेली तर काय, याचीही तयारी हवी: ओलं फडकं, गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून, आणि कुणीतरी घरी. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत हा प्रश्न थोडा सौम्य झाला असता. गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये तो सर्वांत उग्र असतो.

पिंजरा दोन-तीन मजल्यांचा, तारेचा, घट्ट कडीचा असावा. गजांमधलं अंतर इंचापेक्षा कमी. झोपायला कापडी झोळी, अंधारी गुहा, एका कोपऱ्यात विष्ठेसाठी मातीचं ताट. खाली जाळी नको, पाय दुखावतात. सपाट तळ हवा आणि तो रोज धुवायला हवा. पण पिंजरा हे त्याचं झोपायचं घर आहे, राहायचं नव्हे. रोज तीन-चार तास त्याला मोकळं सोडावं लागतं, आणि तेव्हा घरातली प्रत्येक फट त्याच्यासाठी बीळ असते. मोरीचं भोक, वॉशिंग मशीनच्या मागची जागा, फ्रिजखालची मोटार, सोफ्याचं फाटलेलं अस्तर, दाराखालची फट. पुण्यातल्या मोरीतून घूस आत येते तशाच वाटेने फेरेट बाहेर जाऊ शकतो, आणि बाहेर गेलेला परत येत नाही. मोरीवर पक्की जाळी बसवल्याशिवाय त्याला घरात आणूच नये. रबर आणि फोम हा त्याच्यासाठी दुसरा धोका. चपलेचा पट्टा, खोडरबर, रिमोटची बटणं तो चावून गिळतो आणि आतडं अडतं. तरुण फेरेटवर शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते ती बहुधा यामुळे.

खाणं हा शाकाहारी घरासाठी आधीच मिटवायचा प्रश्न आहे. फेरेट पूर्ण मांसाहारी. त्याचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, त्यामुळे दिवसातून अनेकदा मांस किंवा मांसावर आधारलेलं, प्रथिनं आणि चरबी भरपूर असलेलं खाणं लागतं. दूध-पोळी, दहीभात, केळं, बिस्किटं मायेने खाऊ घातली तरी तो आजारी पडतो. स्वयंपाकघरात मांस चालत नसेल तर दुसरा प्राणी निवडावा. त्यात कमीपणा काही नाही.

आता वैद्य. तो शेवटी शोधण्याची चूक इथेच टाळता येते. पुण्यात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. औंधला पशुसंवर्धन विभागाचं मुख्यालय आणि रोगनिदानाची यंत्रणा आहे, तर पशुवैद्यक महाविद्यालय सातारा रस्त्यावर शिरवळला. पण फेरेट तपासलेला डॉक्टर शोधावा लागतो, आणि तो प्राणी घरी येण्याआधी शोधायचा असतो. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. डिस्टेंपरची कोणती लस देणार? कुत्र्यांसाठीची पाच-सात रोगांची एकत्रित लस फेरेटसाठी बनवलेली नसते, तेव्हा ती सरसकट टोचण्याला डॉक्टरांनी विचारपूर्वक होकार दिला पाहिजे आणि टोचल्यावर अर्धा तास तरी दवाखान्यातच थांबवून घेतलं पाहिजे. रेबीजची लस केव्हा? आणि मादी असेल तर तिचं काय? फेरेटची मादी माजावर आली आणि नराशी संग झाला नाही तर माज उतरत नाही. महिनोन्‌महिने चढलेल्या संप्रेरकांनी हाडांतल्या मज्जेत रक्त तयार होणं थांबतं आणि ती पांडुरोगाने मरते. नसबंदी किंवा संप्रेरकांचा उपाय वेळेत केला नाही, तर निरोगी दिसणारी मादी एका हंगामात जाऊ शकते. विकणारे हे बहुतेक वेळा सांगत नाहीत.

डिस्टेंपरची लक्षणं पालकाने ओळखायला हवीत: हनुवटीखाली आणि मांडीत पुरळ, डोळ्यांना चिकटा, खाणं बंद, मग तळपाय सुजून कडक होणं. लस नसलेला फेरेट यातून जवळजवळ वाचतच नाही. हा विषाणू घरात यायला कुत्रा घरात यावा लागत नाही. सोसायटीच्या फाटकाशी आजारी कुत्र्याला हात लावून आलेला माणूस पुरतो. बाहेरच्या चपला दाराबाहेर, हात साबणाने धुऊन मगच फेरेटला उचलायचं, हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायचा. मिल हिलच्या शास्त्रज्ञांनी अंघोळ आणि कपडे बदलणं सक्तीचं केलं होतं, त्यामागचं कारण हेच होतं. माणसाच्या तिशी-चाळिशीइतक्या वयात, म्हणजे फेरेटच्या हिशेबाने तीन-चार वर्षांनंतर, दोन दुखणी वारंवार दिसतात: स्वादुपिंडातल्या गाठीमुळे साखर उतरून मागचे पाय लटपटणं, आणि अधिवृक्क ग्रंथींच्या विकाराने शेपटीपासून केस गळत जाणं. दोन्हींवर उपचार आहेत, लवकर कळलं तर.

राहिला फ्लू. पुण्यात तो विशेषतः पावसाळ्यात वाढतो, जुलै-ऑगस्टमध्ये घराघरांत ताप-खोकला असतो. त्या दिवसांत आजारी माणसाने फेरेटला मांडीवर घेऊ नये. त्याचं खाणंपिणं, पिंजऱ्याची सफाई घरातल्या दुसऱ्याने करावी. दुसरं कुणी नसेल तर तोंडावर मास्क बांधून, हात धुऊन करावी. फेरेट शिंकू लागला आणि त्याने खाणं कमी केलं तर दोन दिवस वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं, आणि घरात कुणाला ताप होता का हे सर्वांत आधी सांगावं, कारण नाक गळणं फ्लूमध्येही दिसतं आणि डिस्टेंपरच्या सुरुवातीलाही, आणि दोन्हींचं भवितव्य अगदी वेगळं आहे.